सव्वीस इंच

"मला घर बघायचं नाहीये," ती तिसऱ्यांदा म्हणाली, "मला फक्त बाथरूमचं दार बघायचंय." एजंट मुलगी हसली. हसली म्हणजे तोंड तेवढं हसलं, डोळे आपले कामावर होते. पंचविशीची असेल. टेबलाच्या काचेखाली घरांचे फोटो, आणि हात लांबवला तर हाताला लागेल इतक्या जवळ किल्ल्यांचा ट्रे, प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. हवी होती ती किल्ली तिला बसल्या जागेवरून दिसत होती. तळमजला, दोन खोल्या, मागं अंगण. "बँकेचं प्री-अप्रूव्हल लेटर आहे का मॅडम?" मुलीनं पुन्हा विचारलं, आणि लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. म्हणजे बँक आधीच लिहून देते, तुम्हाला किती कर्ज मिळू शकतं ते. ते पत्र आणलं की आम्ही घर दाखवतो. ऑफिसचा नियमच आहे. "अहो, पण दार अरुंद निघालं तर ते पत्र घेऊन मी काय करू? पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही दारात उभ्या राहा, मी माप घेते आणि जाते." "सगळे आधी बँकेतच जातात मॅडम. कसं आहे ना, लोक नुसते बघायला येतात. सुट्टीच्या दिवशी टाइमपास. ज्यांच्याकडे लेटर आहे अशी एक जोडी मागच्या शनिवारी बघून गेली, त्यांना आवडलंयसुद्धा. तुम्ही जरा घाई करा." आणि हे बोलता बोलता मुलीची नजर खाली गेली, तिच्या चपलांवर, तिथून वर आली आणि गळ्यात थांबली. जेवणाच्या सुट्टीत ती वर्कशॉपमधून तशीच उठून आली होती. गळ्यात टेप होती, ती काढायची राहून गेली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उठली, टेप काढली नाही, आणि काचेचं दार असं लावलं की आतलं कॅलेंडर हललं.

घर तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. पाय तिकडंच गेले. कुंपणाबाहेर उभं राहून तिला जे दिसायचं ते सगळं दिसत होतं. दोन पायऱ्या, त्यावर फळी टाकली की झालं. पुढचं दार चांगलं ऐसपैस, खिडक्या खाली, बसल्या माणसाला रस्ता दिसेल इतक्या खाली. पण बाथरूमचं दार काही रस्त्यावरून दिसत नसतं. अण्णांची चाकाची खुर्ची सव्वीस इंच रुंद होती, आणि ती, बायांचे, पुरुषांचे, मुलांचे दिवसाला चारशे कपडे कापणारी कटरबाई, हे सव्वीस इंच गेले चौदा महिने उराशी धरून हिंडत होती. घरचं बाथरूमचं दार तेवीस इंच. फक्त तीन इंच कमी. त्या तीन इंचांपायी एका मोठ्या माणसाला रोज सकाळी धाकट्या भावानं दारापाशी खुर्चीतून उचलून प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायचं आणि तिनं स्टूल फरशीवरून ओढत आत न्यायचं. स्टूल ओढताना किंचाळतं. अण्णा तेव्हा डोळे मिटून घेतात. झटक्यानं उजवं अंग गेलं, बोलणं निम्मं गेलं, पण लाज सगळीच्या सगळी शिल्लक राहिली होती आणि ती रोज सकाळी सख्ख्या मुलीसमोर ओली होत होती. शिवाय तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौदा महिन्यांत ते एकदा खाली उतरले होते, तेही स्ट्रेचरवरून. ह्या सगळ्याला त्या पोरीनं टाइमपास म्हटलं होतं. टाइमपास! तिला वाटलं, परत जावं, त्या मुलीला त्या स्टुलावर बसवावं आणि ऑफिसभर ओढत फिरवावं, किल्ल्यांच्या ट्रेसकट.

पण रागाला सुद्धा कुठंतरी ठेच लागते. चपलांवरची ती नजर तिच्या ओळखीची होती. ओळखीची म्हणजे काय, तिचीच होती ती. वर्कशॉपच्या आधी नऊ वर्षं ती एका कोट शिवणाऱ्याच्या दुकानात होती, आणि पहिल्याच दिवशी मालकानं शिकवलं होतं, गिऱ्हाईक आलं की आधी बूट बघ, मग ठरव कुठला तागा काढायचा. तिनं नऊ वर्षं बूट बघितले. एकदा एक म्हातारा आला होता, फाटक्या बुटांचा, भारी कापडाला नुसता हात लावून बघू का म्हणाला, आणि तिनं सांगितलं, ते कापड दाखवायला काढत नाही आम्ही. खोटं बोलली होती. काढत होते की. चांगल्या बुटांसाठी रोज काढत होते. म्हातारा बरं म्हणून निघून गेला होता. त्याला का हवं होतं ते कापड, लग्नाला, मुलाखतीला, का नुसतंच हाताला बरं वाटावं म्हणून, तिनं विचारलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या कुंपणाला धरून उभी असताना, तिला तो आठवला आणि त्या आठवणीनं राग शांत व्हायचा तर तो उलट भडकला. शरम वाटली की माणूस मऊ होतो म्हणतात, ती होईना. कुंपणाची तार मुठीत रुतली तेव्हा तिनं हात सोडला. आणते तुझं पत्र, सटवे, ती मनात म्हणाली. आजच आणते.

तिनं वर्कशॉपमध्ये मास्तरांना फोन केला. "मास्तर, अर्धा दिवस टाका माझा." "का, काय झालं?" "घर घेतेय." मास्तर पलीकडून हसले, "घ्या घ्या, दोन घ्या!" म्हणाले. चांगला माणूस, पण आज तोही डोक्यात गेला. घरच्या सगळ्यांची खाती होती त्या बँकेकडं चालताना ती धाकट्याचा विचार करत होती, त्याच्यावर रागवायचं अजून काही कारण नव्हतं. उलट धाकटा म्हणजेच तिचा आधार. एकटीच्या पगारावर तिला कोण कर्ज देणार? वर्षभर तो म्हणत होता, "तू घर शोध ताई. पसंत पडलं की मी आहेच. दोघांच्या नावावर घेऊ." जेवताना म्हणायचा, टीव्ही बघताना म्हणायचा, आणि ती सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात बोर्ड वाचत हिंडायची. अकरा दिवसांपूर्वी तिला हे घर दिसलं तेव्हा धावत येऊन तिनं आधी त्यालाच सांगितलं होतं. तळमजला आहे, अंगण आहे, बस समोर थांबते. धाकटा घास चावत म्हणाला होता, "अरे वा." भावजय ताटाकडं बघत होती. "फक्त बाथरूमचं दार बघायला हवं," ती म्हणाली होती, आणि धाकटा म्हणाला होता, "बघ ना मग." आता चालताना तिला ते दोघांचे चेहरे आठवले, आणि कापड हातात घेतल्यावर विणीत कुठंतरी दोरा ओढला गेल्याचं बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागाहून, तसं काहीतरी झालं. पण ती चालत राहिली.

बँकेत कर्जाच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवलेला, समोर चहा निवत ठेवलेला. बोलायला अगदी घरच्यासारखे. "बसा, बसा. पूर्वमंजुरीचं पत्र ना? आडनाव सांगा. पत्ता?" तिनं सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो बाई, तुमचं तर झालंय की! दोन महिने झाले पत्र जाऊन. मिस्टरांनी सांगितलं नाही का?" आडनाव एक, पत्ता एक, समोर बाई. त्यांनी तिला भावजय समजावं यात त्यांचा काय दोष? "विसरले असतील," ते म्हणाले, "आमची ही सुद्धा म्हणते, घरातलं सगळं मला शेजाऱ्यांकडून कळतं. थांबा, एकदा तपासून घेऊ. अर्जदार दोघं, पती-पत्नी. मुदत अजून आहे महिनाभर. घेतलेल्या घरात राहणाऱ्या व्यक्ती, दोन. अर्जदारांवर अवलंबून असलेल्या व्यक्ती, नाहीत. बरोबर ना?" तिला पंख्याचा आवाज ऐकू आला. मागं कुणीतरी नोटा मोजत होतं, मशीन फरफर करत होतं. "परत वाचा," ती म्हणाली. ते बिचारे परत वाचायला लागले. राहणाऱ्या व्यक्ती दोन. अवलंबून असलेल्या व्यक्ती नाहीत. "दोनच?" "तुम्हीच लिहून दिलंय बाई. काही बदल आहे का?" मग जरा हसून, "माणसं वाढतायत वाटतं घरात?" आणि तिच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. "ओळखपत्र दाखवा, पत्राची दुसरी प्रत काढून देतो," ते घाईनं म्हणाले. ती म्हणाली, घरी राहिलं, आणि उठली. चहा पिऊन घ्या तुमचा, निवला, असंही म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक. तोंड आपोआप माणसासारखं वागत होतं.

बाहेर ऊन होतं, वाहनं होती, लोक चालत होते, आणि सगळ्यांचा तिला राग आला. मागच्या शनिवारी बघून गेलेली जोडी. जोडी! आवडलंयसुद्धा. तिनं धावत येऊन घासाघासाला सांगितलेलं घर, आणि ही दोघं आठवड्याच्या आतच गुपचूप जाऊन, चपला काढून, खोल्याखोल्यांतून हिंडून आली होती. त्यांच्या खिशात पत्र होतं ना. त्यांना किल्ली मिळाली, पाणी विचारलं असेल, सर, मॅडम, इकडून या, उजेड बघा. आणि तिला दार मोजायला पाच मिनिटं मिळाली नाहीत. दोन महिने! दोन महिने तो तिच्या शेजारी बसून जेवत होता. तोच धाकटा, ज्याचा शाळेचा सदरा तिनं स्वतःच्या हातानं कापला होता. अण्णा तेव्हा दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत हिंडायचे. संध्याकाळी घरी काटा आणला की दोघा पोरांना समोर बसवायचे, पारड्यात काहीबाही ठेवायचे आणि विचारायचे, किती असेल? ती वाकून बघायची, हातात घेऊन तोलायची, मग बोलायची. धाकटा बघायचाच नाही, ठोकून द्यायचा, "असेल पावशेर!" आणि अण्णा त्याला टपली मारायचे, पण हसत. तिला मात्र चुकली की रागवायचे. तेव्हाही तिला तो अन्याय वाटायचा. आता पन्नाशीला आल्यावर भर रस्त्यात तो अन्याय तिला पुन्हा नव्यानं झोंबला. आणि अण्णांचाही राग आला, मांडीवर निकामी हात ठेवून खिडकीशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा. का हसायचात हो त्याच्या अंदाजावर? का चालवून घेतलंत? मग आपण कुणावर चिडतोय हे लक्षात आलं आणि तिनं रस्त्यातच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. एक बाई बाजूला सरकून पुढं गेली.

घरी अण्णा खिडकीशी होते. तिला अवेळी बघून त्यांनी भुवई उचलली. "अर्धा दिवस घेतला," ती म्हणाली. त्यांनी डाव्या हातानं तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं. टेप. ती तिनं काढून खुंटीला अडकवली. मग भावजय कामावरून आली, "लवकर आलात ताई?" म्हणाली आणि भांडी घासायला लागली. मग साडेसहाला धाकटा. त्यानं बूट काढले, मोजे नाकाशी नेऊन तोंड वाकडं केलं आणि अण्णांना ते दाखवून हसवलं. हे त्याला जमायचं. अण्णा त्याच्याकडं बघून अजूनही हसायचे, अर्ध्या तोंडानं. तिनं ठरवलं होतं, ओरडायचं नाही, अण्णांसमोर तर नाहीच. "ते घर बघितलंस ना तू?" तिनं विचारलं. "कुठलं?" "शनिवारी. दोघांनी." आत नळ बंद झाला. धाकट्यानं बायको दारात येईपर्यंत वेळ काढला. "ताई, आम्ही सांगणारच होतो," भावजय म्हणाली. तिचे हात साबणाचे होते आणि ती ते पुढं धरून उभी होती. "तिला बोलू नकोस काही," धाकटा म्हणाला. "मी कुठं काही बोलतेय? मी विचारतेय. घर कसं आहे?" हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो आधी बिचकला आणि मग, सुटलो असं वाटून, बोलायला लागला. खरंच छान आहे ताई. उजेड काय सुंदर येतो. स्वयंपाकघराला पांढऱ्या फरशा आहेत, नव्याकोऱ्या. अंगणात कपडे वाळत घालायला तारा आहेत, तीन. शेजारचे लोकही बरे वाटले. बोलता बोलता तो विसरला आपण कुणाशी बोलतोय ते, त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला. ती ऐकत होती. ह्या सगळ्यातलं तिनं काहीच बघितलं नव्हतं, आणि तिला ह्यातलं काहीच बघायचं नव्हतं.

"आणि बाथरूमचं दार?"

"दार?" तो थांबला. "दारासारखं दार. अजून काय?"

"किती रुंद?"

"मी काय टेप घेऊन गेलो होतो का ताई?"

"बँकेत लिहून दिलंयस. राहणारी माणसं दोन. अवलंबून कुणी नाही. तू लिहिलंस का हिनं?" तिचा आवाज अगदी हळू होता. खिडकीशी अण्णांनी मान वळवली होती. पण त्यांना किती ऐकू गेलं, किती कळलं, हे हल्ली कुणालाच सांगता यायचं नाही. "तसं लिहावं लागतं," धाकटा पुटपुटला. "माणसं वाढवली की कर्ज कमी करतात. नुसता फॉर्म आहे तो." "असू दे. फॉर्म असू दे. फॉर्मवर नव्हते, मनात तरी होते ना अण्णा? त्या घरात फिरलास तेव्हा? मग बाथरूमपाशी गेल्यावर तुला आपसूक दिसलं असेल, खुर्ची जाते का अडते. तुझा बाप आहे. टेप नको त्याला. हातानं दाखव. केवढं होतं?" "ताई, जाऊ द्या ना," भावजय म्हणाली. "दाखव रे."

त्यानं हात उचलले. दोन्ही तळवे समोरासमोर, मध्ये हवा. वीस इंच असतील, फार तर एकवीस. तिला मोजायची गरज नव्हती, तीस वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? ती त्या हातांकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं हात जरा लांब केले. पुन्हा तिच्याकडं बघितलं, अजून जरा लांब केले. "एवढं तरी असेलच," तो म्हणाला. बावीस. "एवढं, एवढं नक्की." पंचवीस. सत्तावीस. तिला सुख वाटेल तेवढं दार तो द्यायला तयार होता. त्यानं ते बघितलंच नव्हतं. त्याच्यासाठी ते उघडलं होतं, तो त्यातून आत जाऊन हात धुऊन आला असेल, आणि त्याला ते दिसलं नव्हतं. दुपारपासूनचं सगळं तिच्यापुढं पुन्हा उभं राहिलं, ती पोर, तो ट्रे, ते चांगले गृहस्थ, ते पांढऱ्या फरशांचं कौतुक, आणि तिला वाटलं आता एक थोबाडीत द्यावी ह्याच्या, हात असेच पसरलेले असताना, त्याला ते खाली घ्यायला सुचायच्या आत.

खिडकीपाशी खुर्ची करकरली. रोज साधारण ह्याच वेळेला धाकटा अण्णांसमोर येऊन असेच हात पसरायचा, काखेत घालायचा आणि त्यांना खुर्चीतून उचलून पलंगावर ठेवायचा. तो होता म्हणून ते होत होतं. तिनं दोनदा करून बघितलं होतं, दोन्ही वेळा दोघंही पडता पडता वाचले होते. अण्णांनी मुलाचे पसरलेले हात बघितले. वेळ झाली असं त्यांना वाटलं. त्यांनी खुर्चीत पुढं सरकून घेतलं, तेवढंच त्यांना यायचं, आणि आपला चांगला हात वर केला, त्याच्या गळ्यात टाकायला. आणि तो हात तसाच वर धरून ते वाट बघत राहिले. धाकटा हलला नाही. त्याच्या दोन हातांमध्ये ते सत्तावीस इंच अजून तसेच होते.

"उचल ना," ती म्हणाली. "अजून राहतोयस ना इथं? मग उचल त्यांना."